विश्लेषण : ‘विराट’ कोकणात का आली नाही? अंतरिम आणि अंतिम आदेशांत फरक काय?

रत्नागिरीच्या मांडवी जेटीवर समुद्राकडे तोंड करून उभे राहिले, की उजव्या हाताला रत्नदुर्ग दिसतो. मराठा आरमाराच्या अशा खुणा कोकण किनाऱ्यावर जागोजागी आहेत. याच किनाऱ्यावर, दक्षिणेला सिंधुदुर्गातील निवतीजवळ, ‘विराट’ या विमानवाहू युद्धनौकेचे संग्रहालय होणार होते. न्यायालयाची स्थगिती मिळूनही नौका वाचली नाही. असे का झाले?

प्रस्ताव काय होता?

१९८७ मध्ये भारतीय नौदलात आलेली ‘विराट’ ६ मार्च २०१७ रोजी निवृत्त झाली. नोव्हेंबर २०१८ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने संग्रहालय आणि सागरी साहसी पर्यटन केंद्राच्या ८५२ कोटी रुपयांच्या आराखड्याला मंजुरी दिली. तो प्रत्यक्षात आला नाही. २०२० मध्ये लिलावात सुमारे ३८ कोटी रुपयांना विकली गेलेली नौका सप्टेंबरमध्ये गुजरातमधील अलंग येथे भंगारात काढण्यासाठी पोहोचली.

न्यायालयात काय घडले?

नौका विकत घेऊन तिचे संग्रहालय करू इच्छिणारी एक कंपनी आधी मुंबई उच्च न्यायालयात गेली. न्यायालयाच्या सांगण्यावरून संरक्षण मंत्रालयाने विचार केला आणि नकार कळवला. मग प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १० फेब्रुवारी २०२१ रोजी ‘जैसे थे’ आदेश मिळाला. १२ एप्रिल रोजी मात्र याचिका फेटाळली गेली. नौका आता खासगी मालमत्ता आहे आणि सुमारे ४० टक्के तोडली गेली आहे, हे न्यायालयाने लक्षात घेतले. ‘विक्रांत’बाबतही असेच घडले होते. मे २०१४ मध्ये ‘जैसे थे’, ऑगस्टमध्ये याचिका फेटाळली आणि त्याच वर्षी तोडकाम सुरू.

‘जैसे थे’ म्हणजे विजय का नाही?

अंतरिम आदेश निकाल लागेपर्यंत परिस्थिती गोठवतो. कोणाची बाजू बरोबर, हे ठरवत नाही. अंतिम आदेश वाद निकाली काढतो आणि त्याबरोबर अंतरिम आदेशही संपतो. कोकणात वाटणीचे दावे लढणाऱ्यांना असेच टप्पे परिचित असतात. प्राथमिक हुकूमनाम्यात हिस्से ठरतात, तर अंतिम हुकूमनाम्याने प्रत्यक्ष वाटप होते. शिवाय स्थगिती पुढचा घाव थांबवते. आधी कापलेले पोलाद जोडून देत नाही.

अंतिम आदेशानंतर मार्ग उरतो का?

सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाविरुद्ध अपील नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद १३७ नुसार पुनर्विलोकन याचिका करता येते. तीही फेटाळली गेल्यास, २००२ च्या एका निकालाने खुला केलेला क्युरेटिव्ह याचिकेचा मार्ग असतो. दोन्हींची कक्षा अरुंद आहे. तोपर्यंत वस्तूच शिल्लक नसेल, तर त्यांचा उपयोग काय?

विज्ञानकथेत काय होते?

‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’ या २००३ च्या अमेरिकी मालिकेची सुरुवात अशाच प्रसंगाने होते. जुनी अवकाश युद्धनौका निवृत्त होऊन संग्रहालय बनणार असते. तेवढ्यात हल्ला होतो. नव्या नौकांची एकमेकींना जोडलेली संगणक यंत्रणा शत्रू निकामी करतो. तसे जाळे नसलेली ही जुनी नौका तगते आणि उरलेल्या माणसांच्या ताफ्याचे रक्षण करते. ‘गॅलॅक्टिका’ला ही दुसरी संधी मिळाली, कारण ती भंगारात गेली नव्हती.

यातून धडा कोणता?

‘विराट’ निवृत्त झाल्यापासून अलंगला पोहोचेपर्यंत साडेतीन वर्षे हाताशी होती. पैसा कोण घालणार, देखभाल कोण करणार, हे प्रश्न त्या काळात सुटायला हवे होते. विक्री झाल्यावर तेच प्रश्न न्यायालयापुढे नेले, तर न्यायाधीशांच्या हाती फारसे काही उरत नाही. वारसा वाचवायचा तर धावपळ लिलावाआधी व्हायला हवी. मग ती युद्धनौका असो, किल्ल्याचा बुरूज असो वा गावातला जुना वाडा.