नव्वद आसनांची मैफल

गीत स्वतः रचावे, स्वतः स्वरबद्ध करावे आणि स्वतःच गावे ही परंपरा भारतीयांना नवी नाही. संतांनी आपले अभंग कीर्तनात गायिले, तर शाहिरांनी आपले पोवाडे डफाच्या साथीने लोकांपुढे मांडले. आजच्या शहरी जीवनात अशा कवी-गायकाची रसिकांशी पहिली भेट होते ती बहुधा एखाद्या लहानशा उपाहारगृहात अथवा छोटेखानी सभागृहात. अशा जागा कलावंताला काय देतात आणि स्वतः कशा तग धरतात, हे जाणून घेण्यासाठी अमेरिकेतील नॅशव्हिल शहरातील ‘ब्लूबर्ड कॅफे’चे उदाहरण उद्बोधक ठरावे.

नॅशव्हिल हे ‘कंट्री’ संगीताचे माहेरघर मानले जाते. एमी कर्लंड यांनी १९८२ मध्ये तेथे, दुकानांच्या एका साध्या रांगेत, हे उपाहारगृह सुरू केले. आसनक्षमता सुमारे ९०. प्रारंभी भोजनाला संगीताची जोड एवढेच त्याचे स्वरूप होते. परंतु गीतकारांच्या सादरीकरणाला रसिकांचा प्रतिसाद लाभू लागला आणि लवकरच गीतकार हेच या जागेचे मुख्य आकर्षण ठरले.

ऐकण्याची शिस्त

१९८५ मध्ये येथे एका वेगळ्या पद्धतीचा प्रारंभ झाला. डॉन श्लिट्झ, थॉम स्कायलर आदी गीतकार व्यासपीठावर न बसता दालनाच्या मध्यभागी एकमेकांकडे तोंड करून बसले. प्रत्येकाने आळीपाळीने आपले गीत सादर करावे, त्याच्या जन्माची कथा सांगावी आणि इतरांनी साथ द्यावी, असा हा प्रकार. श्रोते इतके निकट असतात की गायकाचा श्वासही ऐकू यावा. साहजिकच गाणे चालू असताना गप्पा वर्ज्य. शांत राहण्याची सूचना देणारा ‘शूऽऽ!’ हा उद्गार तर या जागेची ओळखच बनला आहे.

नवोदितांसाठी सोमवारी खुला मंच असतो, तर रविवारी चाचणीतून निवडलेले गीतकार गातात. गार्थ ब्रूक्स या गायकाला १९८८ मध्ये येथील एका कार्यक्रमानंतर ध्वनिमुद्रण कंपनीचा करार मिळाला. विशेष म्हणजे त्याच कंपनीने त्यापूर्वी त्यांना नकार दिला होता. कार्यालयात जे उमगले नाही, ते श्रोत्यांच्या सान्निध्यात उमगले. २००४ मध्ये १४ वर्षांच्या टेलर स्विफ्ट यांचे गायन ऐकून स्कॉट बोर्चेटा प्रभावित झाले, तेही याच दालनात. पुढे त्यांच्याच कंपनीतर्फे २००६ मध्ये स्विफ्ट यांचा पहिला अल्बम प्रकाशित झाला.

गीत ही मालमत्ता

येथे येणाऱ्या सर्वांनाच प्रसिद्ध गायक व्हायचे नसते. अनेकांची उपजीविका इतरांनी गायिलेल्या आपल्या गीतांवर चालते. अमेरिकेत पारंपरिक रेडिओवर गाणे वाजले की मानधन गीतकार-संगीतकाराला व प्रकाशकाला मिळते. ध्वनिमुद्रणातील गायकाला त्याबद्दल काही मिळत नाही. म्हणजेच तेथे गीत ही दीर्घकाळ उत्पन्न देणारी मालमत्ता आहे. श्लिट्झ यांचे ‘द गॅम्बलर’ हे गीत केनी रॉजर्स यांनी १९७८ मध्ये गाऊन लोकप्रिय केले. त्यामागचा लेखक मात्र रसिकांना भेटला तो अशाच छोट्या दालनांत.

छोट्या जागेचे अर्थकारण

भाडे, वेतन, ध्वनियंत्रणा आणि गीतांच्या जाहीर सादरीकरणाचे परवाना शुल्क हे खर्च टळत नाहीत. आसने मात्र ९० च राहतात. तिकीट फार महाग केल्यास नवोदिताला ऐकणारा श्रोता दुरावतो, स्वस्त ठेवल्यास खर्च भागत नाही. म्हणूनच तिकिटाला खाद्यपेयांच्या किमान खरेदीची जोड द्यावी लागते. २००८ मध्ये कर्लंड यांनी हे उपाहारगृह नॅशव्हिलच्या गीतकारांच्या ना-नफा संघटनेकडे सोपविले. ज्यांचा हितसंबंध सर्वाधिक, त्यांच्याच हाती जागेचे भवितव्य आले. अशी एखादी जागा बंद पडली तर केवळ एक व्यवसाय संपत नाही. अनोळखी गीताला पहिला श्रोता मिळवून देणारा मार्गच खुंटतो.

आपल्याकडील चित्र

भारतात चित्रपटसंगीताच्या वर्चस्वामुळे स्वतंत्र कवी-गायकाची वाट अधिक बिकट आहे. तथापि, २०१२ च्या कॉपीराइट कायदा दुरुस्तीने गीतकार व संगीतकार यांचा मानधनातील वाटा सुरक्षित केला. १९६९ मध्ये स्थापन झालेली ‘इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी’ हे मानधन संकलित करून सदस्यांना वितरित करते. स्वरचित गीते गाणाऱ्या तरुणाने वेळीच अशा संस्थेचे सदस्यत्व घेऊन आपल्या रचनांची नोंद करणे हिताचे आहे.

कायदा हक्क देतो, श्रोते मात्र देऊ शकत नाही. ते काम रसिकांचे. आपल्या गावातील छोट्या सभागृहात एखादे अपरिचित नाव दिसल्यास तिकीट काढून जावे, भ्रमणध्वनी बंद ठेवावा आणि गीत शेवटपर्यंत ऐकावे. विनामूल्य प्रवेशिकेची अपेक्षा न धरता मोजलेली ती अल्प रक्कम कलावंताच्या उमेदीची पहिली ठेव असते; आणि तिचे व्याज कधीकाळी साऱ्या समाजाला मिळू शकते.