ईदपूर्वीचा वाटा

रमजान महिन्याच्या एकोणतिसाव्या दिवशी सूर्य मावळू लागला, की बंगळूरच्या शिवाजीनगरातील गच्च्यांवर माणसे पश्चिमेकडे तोंड करून उभी राहतात. चंद्रकोर दिसली, तर उद्या ईद. न दिसली, तर आणखी एक रोजा. चंद्रदर्शन समितीचा निर्णय जाहीर होईपर्यंत शेवयांचा दुकानदार, शिंपी, दूधवाला असे सारेच खोळंबलेले असतात. सरकारी सुट्टीसुद्धा अशा वेळी एका दिवसाने सरकू शकते.

चंद्राची ही प्रतीक्षा मराठी घरांस अपरिचित नाही. मात्र आपल्या पंचांगात अधिक मास धरून चांद्रवर्षाची सौरवर्षाशी सांगड घातलेली असते. हिजरी कालगणनेत अधिक मास नाही. तिचे वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे. त्यामुळे ईद दरसाल दहा-अकरा दिवस अलीकडे येते आणि साधारण तेहतीस वर्षांत सर्व ऋतूंतून फिरते.

नव्या वस्त्रांची आणि शीरखुर्म्याची ईद सर्वांच्या परिचयाची आहे. परंतु सणाची सुरुवात त्याआधीच, एका मापाने होते. ‘ईद-उल-फित्र’ म्हणजे उपवास सोडण्याचा सण. त्याच नात्याने ऐपतदार कुटुंबप्रमुखाने द्यावयाच्या दानास ‘फितरा’ म्हणतात. तो स्वतःपुरता देऊन भागत नाही. अज्ञान मुलांचाही द्यावा लागतो. ईदच्या पहाटेपूर्वी जन्मलेले तान्हे मूलही या हिशेबातून सुटत नाही! ‘साअ’ हे अरबस्तानातील जुने माप. चार ओंजळी धान्य, अशी त्याची ढोबळ व्याख्या. हनफी संप्रदायात माणशी अर्धा साअ गहू, म्हणजे सुमारे पावणेदोन किलो, किंवा एक साअ जव, खजूर वा मनुका, अथवा तेवढी किंमत द्यावयाची असते. गहू आणि खजूर यांच्या भावांत केवढे अंतर आहे, हे गृहिणींस सांगावयास नको. सधनानेही गव्हाचाच भाव धरून हात आखडता घ्यावा, हे निदान प्रस्तुत लेखकाच्या मनास पटत नाही.

फितऱ्याची खरी कसोटी वेळेची आहे. तो ईदच्या नमाजापूर्वी पोहोचला पाहिजे. नमाजानंतर दिलेले धान्य हे साधे दान होय, फितरा नव्हे, असे हदीस सांगते. ज्याच्या घरी चूल पेटण्याची भ्रांत आहे, त्याने सणाच्या दिवशी दारोदार हात पसरू नये, हा यातील हेतू. ईदगाहच्या फाटकाशी घाईघाईने नोट टाकल्यास नियमाचे अक्षर पाळले जाते. पण त्या नोटेचा शिधा व्हायला दुपार उलटते. म्हणून कित्येक जाणते लोक चार दिवस आधीच, गाजावाजा न करता, तो पोहोचवितात.

याखेरीज जकात आहे. वर्षभर शिल्लक राहिलेल्या ठरावीक मर्यादेवरील संपत्तीचा अडीच टक्के हिस्सा गरजूंचा मानलेला आहे, आणि अनेकजण तो रमजानमध्येच काढतात. दानाची परंपरा या शहरात भक्कम उभी आहे. शिवाजीनगरातील गोशा रुग्णालय हे व्यापारी सर हाजी इस्माईल सेठ यांच्या देणगीतून पडदानशीन स्त्रियांसाठी उभे राहिले. आज ते सरकारी रुग्णालय म्हणून सर्व धर्मांच्या स्त्रियांची व बालकांची सेवा करते.

ईदच्या सकाळी मिलर्स रोडवरील कुद्दूस साहेब ईदगाहकडे माणसांची रीघ लागते. या नमाजाला अजान नसते, आणि प्रवचन शुक्रवारप्रमाणे आधी न होता नमाजानंतर होते. निघण्यापूर्वी एखादा खजूर तोंडात टाकावा, जाताना एक रस्ता धरावा व परतताना दुसरा, असा प्रघात आहे; वाटेत अधिक माणसांची गाठ पडते.

घरी परतल्यावर शीरखुर्मा. शीर म्हणजे दूध आणि खुर्मा म्हणजे खजूर. ही दोन्ही नावे फारसी. वाडगे मात्र शेजारच्या घरांतही जाते. येथील दखनी बोलीत मराठीचा ‘च’ आणि ‘नको’ अजून नांदत आहेत. पाहुण्याने दुसऱ्या वाडग्याला कितीही ‘नक्को, नक्को’ म्हटले, तरी यजमानीण ते त्या दिवशी मनावर घेत नाही.