दुसऱ्यांची गाणी वाजविणाऱ्या हातांनी स्वतःचे गाणे लिहिले

एप्रिल महिना जवळ आला की आमच्या पनवेल परिसरातील वस्त्यावस्त्यांतून संध्याकाळी बेंजोचा सराव ऐकू येऊ लागतो. कामावरून आलेली पोरे हातपाय धुऊन, घोटभर चहा घेऊन समाजमंदिरात जमतात. ढोलकी, ताशा, पॅड आणि पुढे बेंजो. भीमजयंतीची मिरवणूक या पोरांशिवाय निघत नाही. लग्नसराईत त्यांनाच हळदीच्या सुपाऱ्या मिळतात आणि चार पैसे घरात येतात.

मागे एकदा अशाच सरावाला आम्ही बसलो होतो. बेंजो वाजविणारा मुलगा असा तयारीचा, की कुठलेही गाणे एकदा ऐकले की बोटांवर आलेच. सराव संपल्यावर त्याच्या पिशवीतून एक वही खाली पडली. उचलून देताना दिसले, त्यात गाणी लिहिलेली होती. आईवर, धुणीभांड्यांवर, बापाच्या बंद पडलेल्या कारखान्यावर. आम्ही म्हटले, "अरे, ही वाजवत का नाहीस?" तो लाजून म्हणाला, "काका, आपलं कोण ऐकणार? लोकांना चालू गाणीच लागतात."

त्याचे ते वाक्य आमच्या मनातून गेले नाही. म्हणूनच सातासमुद्रापलीकडच्या एका बाईची हकीकत वाचकांपुढे ठेवीत आहोत. योगायोग असा की तिचे वाद्यही बँजोच!

बँजो कोणाचा?

नाव एक असले तरी ही दोन वाद्ये वेगळी आहेत. आपला मिरवणुकीतला बेंजो म्हणजे बुलबुलतरंग. त्याचे मूळ जपानी वाद्यात आहे आणि तो बटणे दाबून वाजवितात. अमेरिकेतला बँजो मात्र गळ्यात अडकवून, तारा छेडून वाजविण्याचा. त्याचे मूळ पश्चिम आफ्रिकेत. गुलाम म्हणून जहाजांतून कोंबून नेलेल्या माणसांनी भोपळ्यावर कातडे ताणून, तारा बांधून परमुलखात आपले वाद्य पुन्हा घडविले.

पुढे एकोणिसाव्या शतकात गोरे नट तोंडाला काळे फासून, काळ्या माणसांची टवाळी करण्यासाठी रंगमंचावर तोच बँजो वाजवू लागले. ज्या वाद्याने आपला अपमान होतो ते हातात कशाला धरायचे, असे काळ्या समाजातील अनेकांना वाटणे साहजिक होते. हळूहळू त्यांच्यातील वादक कमी झाले आणि बँजो हे गोऱ्यांचेच वाद्य, असा समज साऱ्या अमेरिकेत पक्का झाला.

हे वाचताना आपल्या जुन्या माणसांना गावकीचे वाजप आठवेल. वाजवायचे आम्ही, पण उभे राहायचे मांडवाबाहेर. ते लाचारीचे काम सोडले ते योग्यच केले. परंतु कला आणि लाचारी या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हेही ध्यानात घेतले पाहिजे.

गुरुवारची शिकवणी

या बाईचे नाव ऱ्हियानन गिडन्स. जन्म १९७७ चा, अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलिना राज्यातील ग्रीन्सबरो येथे. वडील गोरे, आई काळी. अशा विवाहांना बंदी करणारे कायदे तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली रद्द केले, म्हणजे तिच्या जन्माच्या अवघी दहा वर्षे आधी! आंतरजातीय विवाह केलेल्या आपल्याकडील कुटुंबांना त्याचा अर्थ समजावून सांगायला नको.

ती ओबर्लिन येथे ऑपेराचे, म्हणजे पाश्चात्त्य संगीत नाटकाचे गायन शिकली. २००५ साली कृष्णवर्णीय बँजोवादकांचा एक मेळावा भरला. तेथे तिला डॉम फ्लेमन्स आणि जस्टिन रॉबिन्सन हे दोन साथीदार भेटले. जो थॉम्पसन नावाचे ऐंशीच्या घरातील काळे व्हायोलिनवादक तेव्हा हयात होते. जुन्या परंपरेतल्या अगदी शेवटच्या वादकांपैकी ते एक. ही तिन्ही मुले दर गुरुवारी त्यांच्या घरी जाऊन बसू लागली. त्यातून 'कॅरोलिना चॉकलेट ड्रॉप्स' हा संच उभा राहिला. त्यांच्या २०१० च्या अल्बमला ग्रॅमी पुरस्कार मिळाला. थॉम्पसन २०१२ साली वारले, पण त्यांची विद्या त्यांच्याबरोबर गेली नाही.

बँजो आणि व्हायोलिनवर ऱ्हियाननचा हात बसला, जगभर नाव झाले. तरी तिने बराच काळ पूर्वजांचीच गाणी गायिली. पुढे स्वतःची गाणी लिहू लागली, तीही आधी पूर्वजांच्या दुःखावर. गुलामांच्या बाजारातील एका जाहिरातीत तरुण आई विकायला काढलेली होती. तिचे तान्हे मूल सोबत घ्यायचे की नाही, हे गिऱ्हाईकाच्या मर्जीवर ठेवले होते. त्या जाहिरातीवर तिने केलेले गाणे २०१७ च्या अल्बममध्ये आहे.

मग स्वतःचे गाणे

२०२३ च्या मे महिन्यात 'उमर' या ऑपेरासाठी तिला मायकेल एबल्स यांच्यासह संगीताचे पुलित्झर पारितोषिक मिळाले. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या एका विद्वान मुसलमानाची ती कथा आहे. त्याच वर्षी १८ ऑगस्टला तिचा 'यू आर द वन' हा अल्बम आला. गाणी बारा, आणि सारीच्या सारी नव्याने रचलेली. असा तिचा हा पहिलाच अल्बम. त्या मेळाव्याला तोवर अठरा वर्षे झाली होती.

काय आहे या गाण्यांत? शीर्षकगीत आपल्या बाळाला जवळ घेतानाच्या आईच्या मायेचे आहे. काही गाणी प्रेमाची, रुसव्याची, थट्टेची. एका गाण्यात परिस्थितीने घर सोडायला लावलेली काळी मुलगी आणि आयरिश मुलगा भेटतात. आणि एक गाणे कॅलीफ ब्राउडर या मुलाच्या आठवणीने लिहिलेले. पाठीवरची पिशवी चोरल्याच्या आरोपावरून २०१० साली न्यूयॉर्कमध्ये सोळा वर्षांच्या या मुलाला पकडले. खटला न चालविता सुमारे तीन वर्षे तुरुंगात ठेवले, त्यातही बराच काळ एकट्याला कोंडून. २०१३ साली आरोप मागे घेऊन सोडून दिले. पण मनाने मोडलेल्या त्या मुलाने २०१५ साली आत्महत्या केली. कच्च्या कैदेत पोरे अडकलेल्या आपल्या वस्तीतील आयाबहिणींना हे गाणे भाषा न कळताही कळेल.

आईची माया आणि समाजाचा आक्रोश एकाच अल्बममध्ये शेजारी शेजारी बसले, हे आम्हाला मोलाचे वाटते. शोषित माणसाने फक्त आपल्या शोषणावरच गावे, असा काही नियम नाही. त्यालाही घर असते, लेकरू असते, रुसवेफुगवे असतात. तेही गाण्याजोगे आहे, असे म्हणणे हाच माणूसपणाचा दावा आहे.

आपले नाते जुने आहे

या मंडळींशी आपले नाते आजचे नाही. महात्मा फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतील सज्जनांना अर्पण केला. बाबासाहेब १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले. १९४६ साली त्यांनी कृष्णवर्णीयांचे नेते डॉ. डु बॉइस यांना पत्र लिहिले आणि त्यांचे उत्तरही आले. १९७२ च्या दलित पँथरने तर नावच तिकडून घेतले.

आणि गाण्याच्या बाबतीत आपण काही दरिद्री नाही. भीमराव कर्डकांचे जलसे होते. वामनदादा कर्डक (१९२२–२००४) स्वतः लिहीत आणि स्वतः गात. त्यांनी खेड्यापाड्यांत बाबासाहेब पोहोचविले. ज्यांना अक्षर येत नव्हते त्यांना गाण्याने शहाणे केले. त्या परंपरेचा वारस आज दुसऱ्यांच्या गाण्यांवर बोटे फिरवून घरी जातो आणि स्वतःची वही पिशवीत लपवितो, ही गोष्ट आम्हाला बोचते.

त्यात दोष त्या पोराचा नाही. सुपारी देणारा चालू गाणे मागतो आणि घर चालवायचे असते. दोष आपला ऐकणाऱ्यांचा आहे. तेव्हा पंचमंडळींना, महिला मंडळांना आणि उत्सव समित्यांना आमची एक साधी विनंती आहे. यंदाच्या जयंतीच्या कार्यक्रमात अर्धा तास आपल्याच वस्तीतील मुलामुलींनी स्वतः लिहिलेल्या गाण्यांसाठी राखून ठेवा. त्याला मोठा खर्च नाही. पूर्वी कॅसेट काढायला कंपनीचे उंबरठे झिजवावे लागत. आता हातातल्या मोबाइलवरही गाणे भरता येते.

२०२४ साली बियॉन्से या विख्यात गायिकेचे गाणे अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले. त्यात बँजो वाजविला होता तो ऱ्हियाननने. गुलामांनी घडविलेल्या आणि टवाळीने हिरावलेल्या वाद्याचे मूळ त्या निमित्ताने लाखो लोकांना नव्याने कळले.

आमचा तो मुलगा अजून सरावाला येतो. परवा आम्ही त्याला ही सारी हकीकत सांगितली. तो काही बोलला नाही. पण सगळे उठून गेल्यावर त्याने बेंजो पुन्हा पुढे ओढला आणि वही उघडली. आम्ही चप्पल घालता घालता थांबलो. आईवरचे गाणे होते. चाल अजून कच्ची होती, पण कुणाची उसनी नव्हती.

जयभीम!