सेकंदाला एक सिंधुदुर्ग

देवगडपासून दोडामार्गपर्यंत, मालवणपासून आंबोलीपर्यंत, 2011च्या जनगणनेत सिंधुदुर्ग जिल्ह्याची माणसं भरली 8 लाख 49 हजार 651. आता समजा, पाळण्यातल्या पोरासकट ही सगळी एकाच सेकंदात ओरडली, ‘घे!’ किंवा ‘विक!’ पुढच्या सेकंदाला पुन्हा. त्याच्या पुढच्याला पुन्हा. सकाळी सव्वानऊ ते दुपारी साडेतीन, श्वास न घेता!

5 जून 2024 रोजी, लोकसभा निकालाच्या दुसऱ्या दिवशी, मुंबईच्या नॅशनल स्टॉक एक्स्चेंजवर हेच झालं. एका दिवसात 1,971 कोटी ऑर्डरी. बाजाराच्या 22,500 सेकंदांनी भागा: सेकंदाला 8 लाख 76 हजार. गे बाय माझे! प्रत्यक्ष सौदे किती? 28.55 कोटी. 69 ऑर्डरींमागे जेमतेम एक सौदा. माणसाचं बोट एवढं चालत नाही. हा सगळा गोंगाट मुख्यतः अल्गोंचा, म्हणजे ठरवून दिलेल्या नियमांवर आपोआप खरेदी-विक्री करणाऱ्या प्रोग्रामचा.

मालवणातून आपणही एक अल्गो सोडू. मुंबई साधारण 500 किलोमीटर, गाडीने अख्खी रात्र. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला दोन लाख किलोमीटर पळतो, म्हणजे आपली ऑर्डर अडीच मिलिसेकंदांत पोचली. झकास! फक्त तेवढ्यात, त्या दिवशीच्या वेगाने, 2,190 ऑर्डरी आपल्या आधी लागलेल्या असतात. बडे खेळाडू आपले सर्व्हर एक्स्चेंजच्याच आवारात भाड्याने ठेवतात, ते उगीच नाही.

बरं, वेग सोडू. चिप बनवणाऱ्या कंपन्यांचे शेअर घेऊन डोकं लढवू. नियम साधा: छोट्या मुदतीची सरासरी किंमत मोठ्या मुदतीच्या सरासरीवर गेली की घ्यायचं, खाली आली की विकायचं. छोटी मुदत 50 प्रकारची, मोठी 200 प्रकारची, कंपन्या 10. झाल्या एक लाख बॅकटेस्ट, म्हणजे जुन्या किमतींवर नियम चालवून पाहिलेल्या चाचण्या! आता गंमत बघा. समजा, हे एक लाख नियम म्हणजे दर वर्षी एक, अशी निव्वळ नाणेफेक आहेत. तरी त्यांतले शंभराच्या आसपास सलग दहा वर्षं बरोबर निघतील. विकणारा नेमके तेच शंभर चकचकीत आलेख करून दाखवतो, आणि आपण भुलतो.

आता खरा भोवळ आणणारा आकडा. याच चिपवाल्या कंपन्यांतल्या एनव्हिडियाच्या एका ब्लॅकवेल चिपवर 20,800 कोटी ट्रान्झिस्टर असतात. सिंधुदुर्गात वाटले तर माणशी जवळपास अडीच लाख. 27 जानेवारी 2025 रोजी चीनच्या डीपसीक या एआय कंपनीची धास्ती बसली आणि या कंपनीचा शेअर एका दिवसात 17 टक्के कोसळला. बाजारमूल्य घटलं सुमारे 589 अब्ज डॉलरनी. 86 रुपयांचा डॉलर धरा: साडेपन्नास लाख कोटींहून जास्त! पाचच दिवसांनी अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी भारताचा अख्ख्या वर्षाचा अर्थसंकल्प मांडला, तो 50.65 लाख कोटींचा. तेवढ्या रकमेच्या पाचशेच्या नोटा मुंबई-पुणे रस्त्यावर टोकाला टोक लावून मांडा. एक रांग पुण्याला पोचली? दुसरी लावा. दहावी, हजारावी, लाखावी! रांगा शेजारी शेजारी लावल्या तर मुंबई ते पुणे साडेसहा किलोमीटर रुंदीचा, नुसत्या नोटांचा रस्ता होईल. एका दिवसात गायब!

आता पुन्हा आपल्या बाजारात येऊ आणि त्यावर लक्ष ठेवणाऱ्या सेबीचा हिशेब वाचू. 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांत शेअरच्या फ्युचर-ऑप्शनमध्ये, म्हणजे पुढच्या किमतीवरच्या करारांत, उतरलेल्या एक कोटीहून जास्त किरकोळ गुंतवणूकदारांपैकी 93 टक्के तोट्यात गेले, मिळून 1.8 लाख कोटींहून जास्त. आणि 2023-24मध्ये परदेशी संस्थांनी तिथे जो नफा कमावला, त्यातला 97 टक्के अल्गोंनी मिळवून दिलेला होता.