कानाच्या पाळीवरची फसवी गाठ

स्वीडन, ऑस्ट्रिया, स्लोव्हेनिया या देशांत एखाद्या मुलाच्या कानाची पाळी लालसर-निळी होऊन फुगते. फारशी दुखत नाही, पण आठवडे उलटले तरी उतरतही नाही. मोठ्या माणसांत अशी गाठ बहुधा स्तनाग्राभोवती येते. बायोप्सीत त्वचेखाली लिम्फोसाइट पेशींची दाटी दिसते आणि पहिली शंका येते ती लिम्फोमाची, म्हणजे याच पेशींच्या कर्करोगाची.

प्रत्यक्षात ही गोचिडीची करणी असते. ती चावताना बोरेलिया हा जंतू त्वचेत सोडते आणि त्याच्याशी झुंजायला जमलेल्या पेशींचीच गाठ होते. स्वीडिश त्वचारोगतज्ज्ञ बेफवेर्स्टेड यांनी १९४३ साली या निरुपद्रवी गाठींवर सविस्तर प्रबंध लिहिला. जंतू सापडला तो मात्र १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला. अमेरिकेतही गोचिडीमुळे बोरेलियाचा संसर्ग, म्हणजे लाइम रोग होतो, पण तिथला जंतू वेगळ्या जातीचा असल्याने ही गाठ तिथे क्वचितच दिसते.

पॅथॉलॉजिस्टची खरी कसोटी पुढे लागते. बी-लिम्फोसाइट कप्पा किंवा लॅम्डा यांपैकी एका प्रकारचं प्रथिन बनवतात. साध्या गाठीत दोन्ही प्रकारच्या पेशी मिसळलेल्या असतात. लिम्फोमात बहुधा एकाच पेशीची पिलावळ माजलेली असते. मात्र निरुपद्रवी गाठीतही कधीकधी अशी एकाच वंशाची पिलावळ सापडते. म्हणून नुसत्या काचपट्टीवर निकाल देणं मला धोक्याचं वाटतं. तपासणीच्या कागदावर 'गाठ, उजवा कान' एवढंच लिहून पाठवलं, तर तो पेशंटवर अन्याय आहे. गोचीड चावली होती का, गोंदवून घेतलंय का, आकडीसाठी फेनिटॉइन किंवा कार्बामाझेपिन चालू आहे का, हे विचारायलाच हवं. टॅटूच्या लाल रंगामुळे आणि या औषधांमुळेही हुबेहूब लिम्फोमासारखं चित्र दिसू शकतं. औषध बदललं की अशा गाठी बहुतेकदा विरतात. मात्र आकडीची गोळी स्वतःच्या मनाने कधीही बंद करू नये, तो निर्णय डॉक्टरांचाच.

बोरेलियाची गाठ डॉक्सिसायक्लिनने, लहान मुलांत अमॉक्सिसिलिनने, काही आठवड्यांत ओसरते. उपचारांनंतरही ती राहिली, वाढली किंवा दुसरीकडे नवी आली, तर पुन्हा बायोप्सी करावी लागते, कारण साधी ठरवलेली एखादी गाठ पुढे लिम्फोमा निघाल्याचीही उदाहरणं आहेत.