मित्सुबिशी: उरणकरांनी ऐकलेलं आणि प्रत्यक्षात घडलेलं

उरणच्या नाक्यावर मित्सुबिशीचं नाव निघालं, तर बोलणं पजेरो आणि लान्सरच्या पुढे सहसा जात नाही. फार तर कुणी एसीचा विषय काढतं. दुसऱ्या महायुद्धात या कंपनीने ‘झीरो’ नावाचं लढाऊ विमान बनवलं होतं, हेही काहींना माहीत असतं. पण आपल्या तालुक्यातला ओएनजीसीचा प्रकल्प ज्या तेलावर आणि वायूवर उभा राहिला, ते तेल शोधणारं यंत्र याच नावाच्या गोदीत तयार झालं होतं, हे इथे जन्मलेल्या पुष्कळांनाही ठाऊक नसतं. म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

हे यंत्र म्हणजे समुद्रात विहीर खोदणारा ‘सागर सम्राट’ हा रिग. तो रशियन होता, असं जुनी माणसं खात्रीने सांगतात. या समजुतीला थोडा आधार आहे. मुंबईच्या पश्चिमेला समुद्राच्या तळाखाली तेल साठू शकेल अशी रचना आहे, हे 1960 च्या दशकात सोव्हिएत आणि भारतीय शास्त्रज्ञांच्या सर्वेक्षणातून कळलं. ‘अकादमिक आर्खांगेल्स्की’ हे सोव्हिएत जहाज त्या कामावर होतं. पण सर्वेक्षणाने फक्त जागा सापडते. तेल आहे की नाही, हे भोक पाडल्याशिवाय कळत नाही. ते भोक पाडणारा सागर सम्राट 1973 साली जपानमधल्या हिरोशिमा इथल्या मित्सुबिशीच्या गोदीत बांधला गेला. तो माझगाव डॉकमध्ये बांधला, असंही काही जण म्हणतात. ओएनजीसीसाठी समुद्रातले फलाट पुढे माझगाव डॉकच्या न्हावा यार्डात बांधले गेले, त्यातून हा घोटाळा झालेला दिसतो. फलाट आपले होते, पहिली विहीर खोदणारा रिग जपानी होता.

त्याला सगळे जहाज म्हणतात, तेही अर्धंच खरं आहे. तो पाण्यावर तरंगत जागेवर जातो खरा, पण तिथे पोचल्यावर आपले लांबच लांब पाय खाली सोडून समुद्राच्या तळावर रोवतो आणि अख्खा फलाट त्या पायांवर लाटांच्या वर उचलून धरतो. बॉम्बे हाय या तेलक्षेत्रात पाण्याची खोली साधारण 75 मीटर आहे. लाटांवर हलणाऱ्या जहाजातून तिथे खोदकाम फार अवघड झालं असतं; पाय रोवून उभ्या राहिलेल्या फलाटावरून ते जमलं. फेब्रुवारी 1974 मध्ये किनाऱ्यापासून सुमारे 160 किलोमीटरवर तेल लागलं आणि 21 मे 1976 रोजी व्यापारी उत्पादन सुरू झालं. पुढे समुद्राखालच्या नळांतून ते तेल आणि तो वायू उरणला येऊ लागला. आज उरणमध्ये जे तेल-वायूचं जाळं दिसतं, त्याचं मूळ त्या विहिरीत आहे. आपले मच्छीमार हा इतिहास वेगळ्या अंगाने जगले. फलाटांभोवती 500 मीटरच्या आत जाण्याची मनाई त्यांच्याच वाट्याला आली.

इथे कुणीही विचारेल, मोटार बनवणाऱ्या कंपनीला तेलाचा रिग कसा जमला? प्रश्नच उलटा आहे. मित्सुबिशीत जहाजं आधी आली, मोटारी फार नंतर. 1870 साली यातारो इवासाकी याने तीन वाफेच्या जहाजांवर वाहतुकीचा धंदा मांडला. 1884 मध्ये सरकारची नागासाकीची गोदी त्याने भाड्याने घेतली आणि पुढे 1887 मध्ये मित्सुबिशीने ती विकतच घेतली. मित्सुबिशीची पहिली मोटार ‘मॉडेल ए’ 1917 साली निघाली, तीही कोबेच्या जहाजगोदीत. फियाटच्या एका गाडीवरून बेतलेल्या या मोटारी चार वर्षांत जेमतेम 22 बनल्या. पण पोलाद वाकवणं, बॉयलर जोडणं, इंजिन घडवणं ही विद्या गोदीत होतीच. मोटार, विमान आणि रिग हे तिचेच फाटे.

मुंबईशी या घराण्याचा संबंध पजेरोपासून सुरू झाला, ही समजूत तर शंभर वर्षांनी चुकते. इवासाकीचा जहाजवाहतुकीचा धंदा 1885 मध्ये एका प्रतिस्पर्ध्याशी एकत्र होऊन ‘निप्पॉन युसेन काइशा’, म्हणजे एनवायके, ही कंपनी झाली. त्या काळी मुंबईचा कापूस जपानच्या गिरण्यांना जात असे आणि भाडं ठरवत असे ब्रिटिश पी अँड ओ कंपनी. 1893 साली जमशेटजी टाटा जपानला गेले, एनवायकेशी बोलणं झालं आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कोबे–मुंबई जहाजसेवा सुरू झाली. पहिल्या जहाजाचं नाव होतं ‘हिरोशिमा मारू’. ऐंशी वर्षांनी त्याच हिरोशिमाहून सागर सम्राट आला, हा योगायोग मला फार विलक्षण वाटतो. पी अँड ओने भाडं पाडून टाटांना बाजूला सारलं, पण जपानी सेवा टिकली. आज जेएनपीएच्या रस्त्यावर ‘वन’ असं लिहिलेले गडद गुलाबी कंटेनर ट्रेलरवरून जाताना दिसतात. त्या कंपनीच्या तीन भागीदारांपैकी एक ही एनवायके आहे.

आता झीरो. हे विमान मित्सुबिशीचं, हे बरोबर आहे. जिरो होरिकोशी आणि त्याच्या सहकाऱ्यांनी त्याची रचना केली. नागोयाच्या कारखान्याला धावपट्टी नव्हती, म्हणून पहिलं विमान सुटं करून बैलगाड्यांवर लादलं आणि कागामिगाहाराच्या मैदानावर नेलं. तिथे 1 एप्रिल 1939 रोजी ते उडालं. जगातल्या सर्वांत चपळ लढाऊ विमानांपैकी एक, आणि वाहतूक बैलांची! पण ‘सगळी झीरो मित्सुबिशीनेच बनवली’ हे चूक आहे. दहा हजारांहून जास्त झीरोंपैकी निम्म्याहून अधिक नाकाजिमा या दुसऱ्या कंपनीने बांधली आणि त्यांत बसणारं ‘साकाए’ इंजिनही नाकाजिमाचंच होतं. 1917 साली निघालेल्या या नाकाजिमाचे युद्धानंतर तुकडे झाले. त्यांतल्या पाच कंपन्यांनी मिळून 1953 मध्ये फुजी हेवी इंडस्ट्रीज उभी केली. सुबारू मोटारी बनवणारी ती हीच. सुबारूच्या चिन्हातला मोठा तारा तिचा आणि पाच लहान तारे त्या पाच कंपन्यांचे. मित्सुबिशीच्या चिन्हातले तीन हिरे मात्र विमानाचा पंखा नव्हेत, असा पुष्कळांचा समज असला तरी. इवासाकी घराण्याचं आणि तोसा प्रांताच्या यामाउची सरदारांचं अशी दोन कुळचिन्हं एकत्र करून ते काढलं होतं, आणि तेव्हा विमानाचा शोधही लागलेला नव्हता.

युद्ध हरल्यावर जपानला विमानं बनवायची बंदी झाली, ती 1952 पर्यंत. बॉम्बफेकी विमानं बनवणाऱ्या मिझुशिमाच्या कारखान्यातून 1946 मध्ये आपल्याकडच्या टेम्पोसारख्या तीनचाकी मालगाड्या निघू लागल्या. दुसऱ्या कारखान्यांतून ‘सिल्व्हर पिजन’ नावाची स्कूटर निघाली. 1953 पासून मित्सुबिशीने अमेरिकन विलीज कंपनीच्या परवान्याने जीप बनवल्या. आपल्याकडच्या महिंद्रा जीपमागे जपानी तंत्र होतं, असं मी अनेकदा ऐकलं आहे. ते खरं नाही. मोऱ्याहून लाँचने भाऊच्या धक्क्याला उतरलो की आपण ज्या माझगावात पाऊल ठेवतो, तिथेच महिंद्रांनी 1947 मध्ये विलीज जीप जोडायला सुरुवात केली, मित्सुबिशीच्या सहा वर्षं आधी. तसंच कॉन्टेसाचं इंजिन मित्सुबिशीचं नव्हे, इसुझूचं होतं. लान्सर मात्र खरी मित्सुबिशी. ती 1998 पासून हिंदुस्तान मोटर्सने चेन्नईजवळच्या तिरुवल्लूरला बनवली.

या सगळ्यामागे एक मोठा गैरसमज आहे: मित्सुबिशी ही एक कंपनी आहे, असा. युद्धानंतर अमेरिकन प्रशासनाने हा उद्योगसमूह मोडला. जहाजं आणि यंत्रं बनवणारी हेवी इंडस्ट्रीज 1950 मध्ये तीन तुकड्यांत विभागली गेली आणि 1964 मध्ये पुन्हा एक झाली. मोटारींचा विभाग 1970 मध्ये तिच्यातून निघून मित्सुबिशी मोटर्स झाला. म्हणजे सागर सम्राट बांधला गेला, तेव्हा मोटारवाले वेगळे होऊन तीन वर्षं झाली होती. 2016 मध्ये त्या मोटर्समधला 34 टक्के हिस्सा निस्सानने घेतला. एसी घेणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावं: बाजारात मित्सुबिशी इलेक्ट्रिक आणि मित्सुबिशी हेवी इंडस्ट्रीज असे दोन वेगळे एसी मिळतात. कंपन्या दोन, सर्व्हिस सेंटर वेगळं, सुटे भागही वेगळे. आणि युनिबॉल पेनवाली मित्सुबिशी पेन्सिल कंपनी तर या कुळातलीच नाही. तीन हिऱ्यांचं चिन्ह तिने 1903 मध्ये स्वतंत्रपणे नोंदवलं होतं.

जपानी शिस्तीचं कौतुक करताना या इतिहासाची एक बाजू झाकली जाते, ती झाकू नये. युद्धकाळात मित्सुबिशीच्या कारखान्यांत आणि खाणींत कोरियन माणसांना सक्तीने राबवलं गेलं. नोव्हेंबर 2018 मध्ये दक्षिण कोरियाच्या सर्वोच्च न्यायालयाने हेवी इंडस्ट्रीजला त्यांना भरपाई देण्याचा आदेश दिला. अशाच राबवलेल्या अमेरिकन युद्धकैद्यांची माफी मित्सुबिशी मटेरियल्सने मागितली, ती 2015 मध्ये, सत्तर वर्षांनी.

अटल सेतूबद्दल तर रोजच नवं ऐकू येतं. तो जपान्यांनी बांधला आणि मित्सुबिशीने बांधला, ही दोन्ही विधानं चुकीची आहेत. 12 जानेवारी 2024 रोजी खुल्या झालेल्या या 21.8 किलोमीटरच्या पुलासाठी जपानच्या जायका संस्थेने कर्ज दिलं. ते कर्ज आहे, देणगी नव्हे. शिवडीकडचा भाग एल अँड टी आणि आयएचआय या जपानी कंपनीने मिळून बांधला. उरणच्या बाजूचा समुद्रातला भाग टाटा प्रोजेक्ट्स आणि कोरियाच्या देवू यांनी, तर चिर्ल्याकडचा जमिनीवरचा भाग एल अँड टीने. पुलाखालून जहाजं जाऊ शकावीत म्हणून काही ठिकाणी खांबांमधलं अंतर 180 मीटरपर्यंत न्यावं लागलं. तिथे काँक्रीटऐवजी पोलादी गाळे बसवले, भारतात पहिल्यांदाच या पद्धतीचे. त्यांची जोडणी आपल्या करंजात झाली आणि ते बार्जवरून नेले.

मित्सुबिशी नसली, तरी आयएचआयची जन्मकथा तशीच आहे. 1853 साली अमेरिकन युद्धनौका जपानच्या दारात आल्या, त्या धास्तीने तोक्योच्या इशिकावाजिमा बेटावर उघडलेली गोदी म्हणजे ही कंपनी. ट्रक बनवणारी इसुझू तिच्याच मोटार विभागातून निघाली, आणि आज आयएचआय विमानांच्या इंजिनांचे भाग बनवते.

‘मित्सुबिशीने विमानं सोडली’ हेही अर्धसत्य. ‘स्पेसजेट’ हे प्रवासी विमान बनवायचा प्रयत्न तिने फेब्रुवारी 2023 मध्ये सोडून दिला, त्यावरून ही समजूत पसरली. पण बोइंग 787 चे मुख्य पंख नागोयात हेवी इंडस्ट्रीजच बनवते; एअर इंडियाच्या ड्रीमलायनरचेही. जानेवारी 2024 मध्ये चंद्रावर उतरलेलं जपानचं ‘स्लिम’ यान तिच्याच एच-टू-ए अग्निबाणाने नेलं होतं.

सागर सम्राट मोडीत निघाला, ही शेवटची समजूतही पुसून टाका. खोदकामातून निवृत्त झाल्यावर त्याचं रूपांतर तेल उत्पादनाच्या फिरत्या फलाटात केलं गेलं आणि डिसेंबर 2022 मध्ये तो पुन्हा कामाला लागला. एक रुपयाच्या नोटेमागे छापलेलं चित्र त्याचंच आहे. उरणच्या शाळांतल्या गुरुजी-बाईंनी ती नोट एकदा वर्गात फिरवावी आणि हे यंत्र कुणी बांधलं, त्यातून आपल्या गावाचं काय झालं, हे मुलांना सांगावं.