दुखणे गेले, रोग गेला का?

गावात आता इंग्रजी शब्द पुष्कळ कानांवर येतात. त्यांतले तीन आज पाहू: सिक, इलनेस आणि डिसीज. शाळेत आम्ही तिन्हींचा अर्थ 'आजार' असाच सांगत असू. तो पुरता नव्हता.

सिक म्हणजे आजारी. नोकरदार माणूस आजारी पडला की 'सिक लीव्ह', म्हणजे आजारपणाची रजा घेतो. इंग्लंडात मात्र 'मी सिक झालो' याचा अर्थ बहुधा 'मला उलटी झाली' असा होतो.

इलनेस म्हणजे दुखणे. अंगात कणकण आहे, अन्न गोड लागत नाही, हे ज्याचे त्याला कळते. डिसीज म्हणजे रोग. तो डॉक्टर तपासून ठरवतात.

हा फरक कशाला शिकायचा? क्षयरोगाचेच बघा. औषध सुरू झाले की काही आठवड्यांत खोकला कमी होतो, भूक लागते. माणूस म्हणतो, "झालो बरा!" आणि गोळ्या सोडतो. अहो, इलनेस गेला, पण डिसीज आत आहेच! उरलेले जंतू पुन्हा वाढतात. मग कधी कधी ते नेहमीच्या औषधाला दाद देत नाहीत. साध्या क्षयाचे औषध बहुधा 6 महिने घ्यावे लागते. सरकारी दवाखान्यात ते फुकट मिळते.

रक्तदाबात तर बहुधा काहीच दुखत नाही, तरी रोग असतो.

तेव्हा 'बरे वाटते' हे आपण म्हणावे. 'बरे झालात' हे डॉक्टरांना म्हणू द्यावे.